डोंगराकडची बाजू

५ मार्च

पुन्हा ठिपके!

आज जहाज लागलं आणि आज पुन्हा ठिपके. लॉजच्या पांढऱ्या चादरी, सकाळी छपरावर वाळत घातलेल्या. दुपारी काढायला गेले तर मोहरीएवढे काळे ठिपके. बोटाने पुसले की पसरतात. धूळ असती तर झटकून गेली असती. ही काजळी आहे, तीही तेलकट. उभा जन्म लोकांचे डाग काढण्यात गेलाय, मला कोणी शिकवू नये.

पण शिकवतात! लॉजची मॅनेजरीणबाई चादर नाकाशी धरून म्हणाली, "जहाजाचा काही संबंध नाही हो. नवं आहे ते. समुद्रात गॅसवर चालतं आणि धक्क्याला लागलं की इंजिनच बंद. किनाऱ्यावरची वीज घेतं. तुमचे मिस्टरच तर प्लग लावतात ना?"

लावतात. अख्खी गल्ली ह्यांना प्लगवाले म्हणते. जुनी जहाजं दिवसभर धक्क्यावर उभी राहून धूर ओकायची. ते थांबावं म्हणून बंदरवाल्यांनी ही सोय केली आणि ह्यांना तिथे नेमलं. मांडीएवढी जाड केबल जहाजाच्या पोटात खुपसायची, की जहाज गप्प. बंदराच्या फाटकावर हिरवी पाटीसुद्धा लावलीय — 'स्वच्छ बंदर'.

मग माझ्या चादरींवर काय कावळे शिंकरले?

पाणी कुठेतरी मुरतंय. मी छडा लावणार.

७ मार्च

सगळ्या चादरी पुन्हा धुतल्या. साबण, सोडा, उकळतं पाणी, वर माझे हात. डाग गेले. जातातच. पण दुप्पट काम आणि शिवाय वर बोलणी.

इस्त्रीवाल्या काकांशी बोलले. ते आमच्या लाँड्रीत माझ्या आधीपासून, म्हणजे सासूबाईंच्या काळापासून. त्यांचा पुतण्या अशाच एका जहाजावर इंजिनखोलीत आहे. काका म्हणाले, "गॅसचं कौतुक मला नका सांगू. तो सगळा जळत नाही म्हणे. थोडा तसाच वर निसटतो. दिसत नाही, काळं करत नाही, पण हवा तापवायला धुराच्या वरताण."

म्हणजे न दिसणारी घाण! ती माझ्या चादरीवर उमटत नाही, म्हणून मला तिच्याशी भांडताही येत नाही. माझं भांडण दिसणाऱ्या घाणीशी. आणि ती दिसतेय, तरी कुणालाच दिसत नाही.

९ मार्च, रविवार

मिरची आली होती. लेक आमची. नाव वेगळं आहे, पण लहानपणापासून नाकावर राग, म्हणून मिरची. डोंगरामागच्या वीजघरात लागल्यापासून तिकडेच क्वार्टरमध्ये राहते, रविवारी येते. ते वीजघर कित्येक वर्षं बंद पडून होतं. आता हिरव्या तेलावर सुरू केलंय. हिरवं म्हणजे रंगाने नव्हे. हॉटेलांतलं तळून उरलेलं तेल गोळा करून त्याचं इंधन करतात. मिरची तिथे टाक्या आणि बर्नर बघते. मुलाखतीत म्हणे साहेबांनी विचारलं, हे जड काम मुलीला जमेल का? तर ही म्हणाली, ओल्या चादरींचं गाठोडं तीन जिने चढवून दाखवा, मग बोलू. लागली नोकरी! माझी छाती अजून फुगते.

जेवताना ठिपक्यांचं सांगितलं. पटकन म्हणाली, "आई, तुझ्या दोरीचा गंज असेल."

नायलॉनची दोरी आहे माझी! तिनेच आणून दिलीय!

तोंडावर बोलले तसं. तिने मान खाली घालून भात कालवला. ह्यांनी लगेच विषय बदलला, पंख्याचा आवाज येतोय म्हणाले. पंख्याचा आवाज गेली कित्येक वर्षं येतोय.

१० मार्च

गल्लीच्या तोंडाशी नोटीस चिकटवलीय. दुसरा धक्का होणार! आमच्या छपराच्या थेट खाली. मग आठवड्याचं एक जहाज नाही, रोज एक, कधी दोन. कुणाला काही म्हणायचं असेल त्याने एकतीस तारखेला सुनावणीत येऊन म्हणावं.

मी जाऊन नाव देऊन आले. काय दाखवणार, असं कारकुनाने विचारलं. म्हटलं, चादर.

घरी सांगितलं तर ह्यांचा घास हातातच राहिला. "कशाला त्या भानगडीत?" म्हणाले. कशाला म्हणजे? रोज जहाज आलं तर रोज ठिपके. रोज ठिपके म्हणजे छप्पर बंद, छप्पर बंद म्हणजे लाँड्री बंद. सासूबाईंनी हाताची सालटी काढून उभी केलेली. एवढं साधं कळू नये ह्यांना?

की कळतंय?

१२ मार्च

जहाजाचा दिवस. डबा विसरलात असं निमित्त करून धक्क्यावर गेले. (डबा मीच पिशवीतून काढून ठेवला होता.)

जहाज म्हणजे काय, गल्लीच्या टोकाशी रातोरात कुणी आणखी एक गाव आणून ठेवावं तसं. खिडक्याच खिडक्या. वरून माणसं खाली बघून फोटो काढतात. माझ्या छपरावरच्या चादरींचेही काढतात, मी बघितलंय. त्यांना गंमत वाटते.

हे प्लगजवळ उभे. मी खांबाआड. केबल लावायच्या आधी त्यांनी फोन काढला. पाठ फिरवली, आवाज खाली आणला. मला फक्त शेवटचं ऐकू आलं — "हो, लावतोय आता. जेवलीस का?"

जेवलीस का?!

कामाच्या वेळी, मांडीएवढी केबल समोर असताना, कुणाला विचारताय हो तुम्ही जेवलीस का?

मग केबल लागली. जहाजाची घरघर हळूहळू उतरली आणि बंद झाली. खरोखर बंद. धुराड्यावर नुसतं आकाश. माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून लिहावं लागतंय. घरी आले, चादरी बघितल्या — ठिपके.

मग मी निघून गेल्यावर केबल काढतात का? की जहाजवाल्यांनी कुणा बाईमार्फत ह्यांना गुंडाळलंय? मनात काय काय येतंय ते इथेसुद्धा लिहवत नाही.

१३ मार्च

फोन उशाखाली ठेवायला लागलेत. पूर्वी पिठाच्या डब्यावरसुद्धा सापडायचा.

१६ मार्च, रविवार

मिरची आली, पण अर्ध्या तासात उठली. ओठ फुटलेत, डोळे लाल. म्हटलं, बरं नाही का? तर म्हणे काम वाढलंय. बापलेक गॅलरीत उभे राहून कुजबुजत होते. मी गेले तर गप्प. माझ्याच घरात मी चोर!

जाताना मला घट्ट मिठी मारली. ती मिठ्या मारणाऱ्यांतली नाही. बापाचं काहीतरी तिला कळलंय आणि ती मला सांगत नाही, दुसरं काय?

विचारलं ह्यांना. सरळच. "धक्क्यावर तुम्ही कुणाशी बोलता?" म्हणाले, "कामाचं असतं." "कामात जेवणाची चौकशी असते?" तर चेहरा असा झाला की मला वाटलं आता सांगतील. नाही सांगितलं. ताकास तूर लागू देत नाहीत.

१९ मार्च

आज सबंध दिवस छपरावर बसले. हलले नाही. काकांना दुकान सांभाळायला सांगितलं.

गिऱ्हाइकाच्या चादरींबरोबर घरातली एक चादर मुद्दाम घातली. ती धुवायची नाही असं ठरवून. जहाजाच्या धुराड्यावर डोळा ठेवला. सकाळपासून त्यातून काही नाही. केबल लागलेली, माझ्या छपरावरून स्वच्छ दिसते. कुणी काढली नाही. ह्यांच्यावरचा निम्मा संशय तिथेच फिटला आणि उरलेला निम्मा वाढला.

दुपारी हे धापा टाकत जिना चढून वर आले. कामावरून! "तू खाली जा, ऊन लागेल. मी काढतो चादरी." आयुष्यात कधी चादरीला हात लावला नाही माणसाने. त्यांनी पहिली चादर ओढली आणि घाईघाईने आत वळवली, डाग झाकेल अशी. मी हातातून हिसकावली.

आणि तेव्हा दिसलं. इतके दिवस कसं दिसलं नाही!

मी चादर नेहमी एकाच तऱ्हेने घालते. सुलटी बाजू समुद्राकडे, उलटी, म्हणजे शिवणीची, डोंगराकडे. सासूबाईंची शिस्त — दुपारपर्यंतचं कडक ऊन डोंगराकडून येतं, सुलटी बाजू पिवळी पडू नये. पण काढताना भराभर ओढते, घडी घालते, बाजू बघत नाही. आज बघितली. ठिपके सगळे शिवणीच्या बाजूला. समुद्राकडची बाजू दुधासारखी.

काजळी जहाजाकडून येतच नाहीये. डोंगराकडून येतेय.

ह्यांना म्हटलं, "हे तुम्हाला ठाऊक होतं?" ते नुसते कठड्याला टेकून उभे राहिले.

२३ मार्च, रविवार

मिरची आली नाही. काम आहे म्हणे. जहाज नसताना कसलं काम?

घरातली ती चादर कपाटात वर ठेवलीय. डाग जपून ठेवायची वेळ आली माझ्यावर!

डोंगरामागे काय आहे हे मला न समजण्याइतकी मी भोळी नाही. पण लिहायचं धाडस होत नाहीये. आधी डोळ्यांनी बघीन. हिरव्या तेलाचा धूर काळा नसतो, मिरचीनेच सांगितलं होतं. तळणाचा थोडा वास येतो, बस. ती माझ्याशी खोटं कशाला बोलेल?

२६ मार्च

जहाज लागलं आणि मी डोंगर चढले. गुडघे बोलत होते, बोलू दिले.

वरून दिसलं. वीजघराची चिमणी. काळाकुट्ट धूर, वर जाऊन वाकलेला, सरळ आमच्या गल्लीकडे. मागच्या फाटकाशी टँकर उभा, नळीखाली डांबरासारखं काहीतरी ठिबकत होतं. वास म्हणाल तर रस्त्याच्या कामावर येतो तसा. तळणाचा नाव नाही.

नळी धरून मिरची उभी होती.

जाळीपाशी गेले. तिने बघितलं. चेहऱ्यावर काळे ओरखडे. लहानपणी पडून आली की अशीच बघायची, आधी माझ्या तोंडाकडे, मी रागावणार का ते.

"आई, इथे का आलीस?"

म्हटलं, "तळणाचा वास येत नाही गं."

तिने नळी दुसऱ्या हातात घेतली. आतून कुणीतरी साहेब ओरडला, लोड वाढतोय, लक्ष कुठाय. तिने फक्त "आई, घरी जा" म्हटलं आणि वळली. पाठीवर हिरव्या अक्षरांत वीजघराचं नाव.

माझी मुलगी माझ्या चादरी काळ्या करतेय. आणि माझ्याकडे बघून सांगते, दोरीचा गंज!

२७ मार्च

ह्यांनी बोलायला आज तोंड उघडलं. मीच समोर ताट ठेवलं नाही, म्हणून असेल.

प्लग लावण्याआधी वीजघराला कळवावं लागतं, आता ओझं येतंय म्हणून. नाहीतर गावाची वीज जाते. तिकडे फोन मिरची उचलते.

"मग सांगायचं नाही का मला? मी काय काय समजले!"

"काय सांगणार? एकदा फोन केला तर तिचा ठसका थांबत नव्हता. तेव्हापासून विचारतो, जेवलीस का. दुसरं काय विचारू?"

मग हळूहळू सगळं सांगितलं. हिरवं तेल असतं, पण थोडं. रोजच्या कामाला कसंबसं पुरतं. जहाजाला एका गावाएवढी वीज लागते. मग त्या दिवशी जुनं काळं तेल जाळतात, तेही गुपचूप, कारण हिरवं म्हणून बक्षीस घेऊन बसलेत. जहाज स्वच्छ, बंदर स्वच्छ, पाटी हिरवी! धूर डोंगरामागे सारला की झालं. दुसरा धक्का झाला तर रोजच काळं तेल. मिरचीने साहेबांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, बाहेर बोललीस तर नोकरी गेली समज, आणि दुसरीकडेही मिळणार नाही याची व्यवस्था करू.

म्हटलं, "आणि तुम्ही मला तुमच्यावर संशय घेऊ दिलात?"

"माझ्यावर घेतलास तर काय होतंय? मला सवय आहे. तिच्यावर घेतला असतास तर तिला सोसलं नसतं."

रडले मी. खूप रडले. मग ताट वाढलं.

२९ मार्च

दिवसभर एकच विचार. चादर उलगडायची की नाही?

उलगडली तर सगळे विचारणार, डोंगराकडून म्हणजे कुठून? मग वीजघर, मग टाक्या कोण बघतं, मग माझी पोरगी. वरचे साहेब हात झटकणार आणि तिला पुढे करणार. असंच असतं. नाही उलगडली तर दुसरा धक्का होणार आणि माझी दोरी गुंडाळली जाणार. आणि तिच्या छातीत रोज तो धूर.

काका म्हणाले, "तुम्ही खरं तेच बोला, बाकीचं बाकीचे बघतील." काकांना पोरं नाहीत.

३० मार्च, रविवार

मिरची आली. उभ्याउभ्या सांगितलं, "उद्या वीजघराकडून मला बोलायला पाठवतायत."

बघा डोकं साहेबांचं! आईसमोर मुलगी उभी केली की आई आपोआप गप्प.

"काय बोलणार आहेस?" विचारलं.

"लिहून दिलंय त्यांनी."

"खोटं?"

तिने बॅगेची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "तू चादर आणणार आहेस ना?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला विनवतेय की बजावतेय तेही कळेना. पोटच्या पोरीचा चेहरा मला वाचता येईना, आणि मी म्हणे डाग बघून कशाचा ते सांगते!

ती गेल्यावर ठरवलं. ती खोटंच बोलणार, दुसरं करणार काय? नोकरीचा प्रश्न आहे. आणि मी चादर उलगडली तर सगळ्या गावासमोर ती खोटी पडणार. माझ्या हाताने. लाँड्री गेली तर मी लोकांकडे जाऊन कपडे धुईन. पण हे नाही.

नाव दिलंय म्हणून जावं तर लागेल. जाईन, चादर दाखवीन, म्हणेन माझीच चूक झाली, डाग नाहीत.

कपाटातून चादर काढली. आधी सोडा. मग साबण. मग उकळत्या पाण्यात. शिवणीच्या रेघेत थोडं काळं राहिलं होतं, ते दाताच्या ब्रशने काढलं. ह्यांनी दारातून बघितलं. अडवलं नाही.

३१ मार्च

माझं नाव आधी पुकारलं. मी चादर उलगडली आणि म्हणाले, चूक झाली, डाग नाहीत. लोक हसले. मी खाली बसले.

मग मिरची उठली. दिलेला कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाली, "वीजघरात जहाजाच्या दिवशी काळं तेल जाळतात. मी स्वतः जाळते." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, पुरावा काय? ती माझ्याकडे वळली. तिला वाटलं मी घाबरून दुसरीच चादर आणलीय. "आई, ती दुसरी दे ना," म्हणाली. "डाग पडलेली. बाबा म्हणाले होते, तू जपून ठेवलीयस."

चादर माझ्या मांडीवर होती. पांढरीशुभ्र. इतकी स्वच्छ मी आयुष्यात कधी धुतली नव्हती.